गाडी कुठं उभी असते, ते आधी विचारा

बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्याजवळ मोठा अपघात झाला की दोन-चार दिवसांत एक निवेदन निघतं. मजकूर पाठ झालेला: गावाला स्वतंत्र रुग्णवाहिका मिळावी, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल. खाली सह्या, मग साहेबांना निवेदन देतानाचा फोटो. एकदा रास्ता रोकोही झाला. रुग्णवाहिकेसाठी महामार्ग अडवला आणि त्या रांगेत एक रुग्णवाहिकाच अडकली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण गाडी मागून प्रश्न सुटत नाही, हे माझ्या चुलतभावाच्या अपघातात कळलं. उसाचा हंगाम होता. सोलापूर-धुळे महामार्गावर, चौसाळा सोडून पारगावच्या अंगाला, मागे रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीवर त्याची मोटारसायकल आदळली. मदतीसाठी फोन केला तो एका परप्रांतीय ट्रकवाल्यानं. पलीकडून विचारणा झाली: जिल्हा कोणता, तालुका कोणता, जवळचं गाव कोणतं? त्या बिचाऱ्याला एवढंच ठाऊक, की टोलनाका नुकताच मागे गेला. आता पारगावचा टोलनाका धाराशिव जिल्ह्यात आणि भाऊ पडलेला बीड जिल्ह्यात. शोधाशोध नाक्याच्या पलीकडे सुरू झाली. आम्ही पोचलो तेव्हा तो तसाच पडून होता. दुधाच्या टेम्पोत घालून बीडच्या सिव्हिलला नेला. वाचला, पण एक पाय गुडघ्याखाली गेला. नंतर समजलं, त्या वेळी जवळच एक गाडी रिकामी उभी होती. तिला कुणी कळवलंच नव्हतं.

म्हणून मदतीचे क्रमांक चालतात कसे, ते आधी समजून घ्या. एकशे आठ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात 2014 साली सुरू झाली. सुरुवातीला 937 गाड्या होत्या. त्यांतल्या 233 गंभीर रुग्णांसाठी जादा यंत्रसामग्रीच्या, बाकी 704 साध्या. फोन घेतला जातो पुण्यात, औंधच्या नियंत्रण कक्षात, आणि कोणती गाडी निघणार हे तिथूनच ठरतं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारात दिसणारी 102 ची गाडी मुख्यतः गरोदर माता आणि तान्ह्या बाळांसाठी असते. ती पाहून ‘गाडी असून देत नाहीत’ म्हणत डॉक्टरांच्या अंगावर धावून जाऊ नका. पोलिसांसाठी 112, राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी 1033. या फोनवर बोलणाऱ्या माणसानं चौसाळा पाहिलेलं असेल, ही अपेक्षाच करू नये.

मदत रखडते ती फक्त आडमार्गाला असंही नाही. आमच्याच जिल्ह्यातले, केज तालुक्यातल्या राजेगावचे नेते विनायक मेटे 14 ऑगस्ट 2022 च्या पहाटे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अपघातात गेले. तासभर मदत मिळाली नाही, असं त्यांच्या चालकानं सांगितलं आणि राज्यभर गदारोळ झाला. जिथं पावलोपावली पाट्या आहेत, अशा रस्त्यावरची ही गोष्ट.

मग वस्तीवरचं काय? दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि लेकरं. आजी फोनवर सांगते, “पिंपळगावहून बोलतेय.” कोणतं पिंपळगाव? मराठवाड्यात त्या नावाची गावं काही कमी नाहीत. म्हणून घरात मीटरजवळ एक कागद चिकटवा: गाव, तालुका, जिल्हा, जवळचं आरोग्य केंद्र, कोणत्या फाट्यावरून आत वळायचं आणि वळणावरची ठळक खूण. महामार्गावर असाल तर किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा आणि बाजूही सांगा, बीडकडे जाणारी की सोलापूरकडे. मधे दुभाजक आहे. गाडी चुकीच्या बाजूनं आली तर वळायला पुढचा कट गाठावा लागतो. फोन लावला की एक माणूस बॅटरी घेऊन फाट्यावर उभा करा. आणि जखमीला हात लावायला घाबरू नका. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं कलम 134 अ आलं. सद्भावनेनं मदत करणाऱ्याला स्वतःचं नाव सांगायची सक्ती करता येत नाही.

आता मागणीचं. नुसतं निवेदन देऊ नका, आधी माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एकशे आठसाठी जिल्हा शल्यचिकित्सक आणि आरोग्य केंद्राच्या गाडीसाठी जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्या कार्यालयात द्या. पत्ता चुकला तरी कलम 6(3) प्रमाणे पाच दिवसांत अर्ज योग्य ठिकाणी पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. विचारायचं काय? आपल्या आरोग्य केंद्राच्या हद्दीतून गेल्या तीन महिन्यांत किती फोन गेले. प्रत्येक वेळी फोन घेतल्याची, गाडी निघाल्याची, पोचल्याची आणि रुग्ण दवाखान्यात दिल्याची वेळ. किती फोनना गाडी मिळाली नाही. गाडी उभी कुठं असते आणि किती दिवस बंद होती. रुग्णांची नावं मागू नका, त्याच कारणावरून नकार येतो. आम्हाला एका कार्यालयाकडून आलेल्या पहिल्या तक्त्यात पोचल्याच्या वेळेचा रकानाच नव्हता. मग तीस दिवसांच्या आत पहिलं अपील केलं.

हा तक्ता हातात आला की मागणी आपोआप नेमकी होते. आमच्यापुरती ती अशी आहे: चौसाळा ते पारगाव या पट्ट्यात जिल्हा न पाहता जवळची गाडी निघावी आणि तसा लेखी आदेश दोन्ही जिल्ह्यांत असावा. असं एका वाक्यात मागितलं की साहेबाला ‘बघतो’ म्हणून मोकळं होता येत नाही. ग्रामसभेचा ठराव घ्या, तो घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात जा. जो कागद द्याल त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक-जावकचा शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. फोटो नंतर काढा.

आणि हे सगळं उसाच्या हंगामाआधी करा. टोळ्या एकदा गेल्या की ग्रामसभेला कोरम जमत नाही. 15 ऑगस्टच्या सभेत ठराव मांडायचा असेल, तर माहितीचा अर्ज जूनमध्येच टाका.