गवत फुलोऱ्यात आहे, विळा आताच काढा

हस्ताचा पाऊस सुरू झाला की मावळापासून माण-खटावपर्यंतच्या माळांवर मारवेल, पवना, कुसळी ही गवते फुलोऱ्यात येतात. वैरणीसाठी गवत कापायचे तर ते याच दिवसांत. पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कापणी होते दिवाळीनंतर, सुगी उरकल्यावर. तोवर बी झडलेले असते, पान पिवळे पडलेले असते आणि गंजीत जाते ती नुसती काडी. पेंढ्या भरपूर भरतात. मार्च-एप्रिलमध्ये मात्र तीच वैरण जनावर निम्मी गव्हाणीत सोडते आणि दूध आटते.

याचे कारण गाईच्या कोठीपोटात आहे. तिथले सूक्ष्मजीव चारा पचवतात, आणि त्यांना जगायला वैरणीत निदान ७ टक्के प्रथिने लागतात. फुलोऱ्यातल्या गवतात ती साधारण ६ ते ८ टक्के असतात. बी झडून वाळलेल्या गवतात ती ३ टक्क्यांच्या आसपास उतरतात. असा चारा पोटात रेंगाळतो, गाय खाणेच कमी करते. मग आपण पेंडीची पोती वाढवतो. जे माळावर फुकट होते, ते दुकानातून विकत आणतो. कुसळीच्या बाबतीत तर आणखी एक त्रास आहे: पक्व झाल्यावर तिची कुसळे जनावराच्या तोंडात, जिभेखाली रुततात.

उशीर का होतो, हे खरे तर सगळ्यांना ठाऊक आहे. सोयाबीनची काढणी त्याच दिवसांत येते, मजूर मिळत नाहीत आणि परतीच्या पावसाची धास्ती असते. म्हणून सगळे कुरण एकदम कापू नका. उघडीप पाहून दोन दिवसांत वाळेल, हलवता येईल एवढाच तुकडा घ्या. दव उडाल्यावर कापा, पातळ पसरा, दुपारी एकदा उलटा. मूठभर गवत पिळल्यावर ओल लागली नाही, काडी कडकन मोडली आणि रंग अजून हिरवट असला की पेंढ्या बांधा. ओलावा १५ टक्क्यांच्या वर असताना गंजी लावली तर ती आतून तापते, बुरशी धरते. कधी पेटही घेते. गंजीखाली दगड किंवा लाकडे घालून जमिनीची ओल तोडा, माथा उतरता ठेवून झाका.

पाऊस हटतच नसेल तर गवत वाळवण्याचा हट्ट सोडावा आणि मुरघास करावा. कापलेले गवत अर्धा दिवस सुकवून त्याची कुट्टी करा. रानगवतात साखर कमी असते, म्हणून १०० किलोला २ किलो गूळ किंवा मळी पाण्यात कालवून शिंपडा. पिशवीत किंवा खड्ड्यात थराथराने तुडवून हवा काढा आणि तोंड घट्ट बंद करा. ४५ दिवसांनी तो खाऊ घालता येतो.

उशीर झालाच असेल, तर वाळल्या गवतावर किंवा भाताच्या पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया करता येते. १०० किलो वैरणीला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरांवर सारखा शिंपडावा, दाबून प्लास्टिकने २१ दिवस बंद ठेवावे. खाऊ घालण्याआधी तासभर उघड्यावर पसरावे. सहा महिन्यांखालच्या वासरांना ही वैरण देऊ नये. युरियाच्या पाण्याची बादली जनावरांच्या वाऱ्यालाही ठेवू नये; ते पाणी प्याले तर जनावर दगावते.

याच दिवसांत आणखी एक जपा: खरीप ज्वारी काढल्यानंतर धसकटांना फुटलेल्या कोवळ्या फुटव्यांवर गुरे सोडू नका, किरळ लागते, म्हणजे विषबाधा होते. जनावर थरथरू लागले, पोट फुगले, श्वास जोरात चालला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्यकाला बोलवा.

वैरण किती लागेल याचा हिशोब आताच करावा. ४०० किलोच्या दुभत्या गाईला दिवसाला सुमारे १२ किलो शुष्क पदार्थ लागतो, त्यातला ८ किलो चाऱ्यातून यावा. निम्मा हिरव्यातून दिला तरी ओलावा धरून रोज साडेचार किलो वाळली वैरण हवी. फेब्रुवारी ते मध्य जून या काळात एका गाईमागे ६०० किलो. दहा पेंढ्या वजन करून पाहा, म्हणजे गंजीत किती आहे ते कळेल. मे महिन्यात हिरवा चारा संपणार असेल तर साठा त्याहून वाढवावा लागेल.

कापताना बुडखा चार बोटे राखा, आणि कुरणाचा एक पट्टा बी धरायला तसाच सोडा. माळ पेटवला की पुढच्या वर्षी गवत चांगले येते, हा समज मोडायला हवा. वणव्यात पडलेले बी जळते, जमीन उघडी पडते आणि पहिल्या पावसात माती वाहून जाते. वणवा रोखण्यासाठी जाळरेषा जानेवारीतच काढून घ्याव्यात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने चराईबंदी केली आणि गवत विळ्याने कापून नेण्याची शिस्त लावली. तिथल्या डोंगरावर गवत वाढले आणि गावात दूध वाढले.

आपल्या गावाला गायरान असेल तर येत्या ग्रामसभेत कापणीची तारीख ठरवून घ्या, आणि ती दिवाळीच्या आधीची ठेवा.