मोटारसायकलची पडशी : निवड व बांधणी



पूर्वी बाजाराला निघालेल्या तट्टाच्या पाठीवर पडशी असे, दोन्ही अंगांना सारखे वजन. आता तट्टाच्या जागी मोटारसायकल आली, पण सामान मात्र हँडलला लोंबते. वळणावर ती पिशवी हँडल अडवते. त्यापेक्षा सीटवरून टाकायची कापडी पडशी बरी. मात्र ती नीट बांधली पाहिजे.

कापड जाड कॅनव्हासचे किंवा नायलॉनचे घ्यावे. रेक्झिन दिसायला झकास, पण उन्हाने तडकते. तळाला प्लायवूडचा तुकडा हवा. तळ मऊ असला की वजनाने पिशवी खाली पोट काढते. झाकणाला बकल असावे. नुसत्या चिकटपट्टीत आमच्याकडची धूळ बसली की ती धरत नाही. 'वॉटरप्रूफ' लिहिलेले असले तरी शिवणीतून पाणी येतेच. युरिया, कागदपत्रे आत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावीत.

आता खरी गोम. बहुतेक गाड्यांना सायलेन्सर उजवीकडे असतो. डाव्या बाजूला साडीगार्ड असल्याने पिशवी चाकात जात नाही. उजवी बाजू उघडी असते. म्हणजे उजवीकडे भाजण्याचे भय आणि चाकात ओढले जाण्याचेही. म्हणून उजवी पिशवी सायलेन्सरपासून निदान चार बोटे वर ठेवावी. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून सळईची चौकट करून घ्यावी, म्हणजे पिशवी तिला टेकून राहील. खर्चाला मागेपुढे पाहू नये. चालत्या चाकात पट्टा गुंतला तर चाक जागीच अडकते.

पट्टे सीटखालून घ्यावेत, पण बॅटरीच्या वायरी दाबू नयेत. पुढचे टोक फूटरेस्टच्या पट्टीला, मागचे कॅरिअरला. उरलेली टोके लोंबती ठेवू नयेत, गुंडाळून बांधावीत.

रिकामी पडशी पाहून 'बसली' म्हणू नये. सामान भरावे, मागे माणूस बसवावा, गाडी दाबून पाहावी. शॉकॲब्सॉर्बर दबला की चाक वर येते, अंतर तेव्हा कळते. मागचा दिवा, इंडिकेटर, नंबरप्लेट झाकली नाही ना, तेही तेव्हाच बघावे. कोसभर गेल्यावर पट्टे पुन्हा आवळावेत. नवे पट्टे सैल होतातच.

जड वस्तू तळाला आणि पुढच्या अंगाला. आम्ही स्वतः एका बाजूला ५ किलोच्या वर भरत नाही. गाडीच्या पुस्तकात एकूण वजन दिलेले असते, त्यात बसणारी माणसेही धरलेली असतात. कोयता पोत्यात गुंडाळावा, नाहीतर पडशी आतून फाटते. फवारणीचे औषध आणि भाकरी एका पडशीत नको, वेगवेगळ्या कप्प्यांतसुद्धा नको.

खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड नेणाऱ्यांनी ती डाव्या पिशवीत, वरच्या थरात, सावलीत न्यावीत. सायलेन्सरच्या धगीने अंड्यांतले कीटक मरतात आणि शेतात लावलेले कार्ड नुसता कागद ठरते.

पोर मागे बसणार असेल त्या दिवशी पडशी उतरवून ठेवावी. आधीच त्याचे पाय फूटरेस्टला पुरत नाहीत. नवी पडशी बांधलेली गाडी गट ऑफिसला आणावी, आमचे शेतकी मदतनीस पट्टे पाहून देतील.

— ऊस विकास अधिकारी