परक्या मुलास घर कसें मिळवून द्यावें?

गांवाला पूर येवो वा शेजारच्या वस्तीस आग लागो, निराश्रितांस कोणाच्या घरीं ठेवावें हा प्रश्न गांवांतील चार जाणत्या माणसांपुढें उभा राहतो. रिकामी खोली सांपडली म्हणजे काम झालें, असें पुष्कळांस वाटतें. हें कितपत खरें आहे तें पाहण्यासाठीं आम्ही आज इंग्लंडांतील एक प्रसंग अभ्यासास घेतों.

1. प्रसंग. युद्ध झाल्यास लंडनसारख्या शहरांवर बॉम्ब पडतील अशी ब्रिटिश सरकारास धास्ती होती. म्हणून 1938 सालीं सर जॉन अँडरसन ह्यांच्या अध्यक्षतेखालीं एक कमिटी नेमण्यांत आली. हे गृहस्थ पूर्वीं बंगालचे गव्हर्नर होते. मुलांस मुख्यत्वें खेड्यांतील कुटुंबांत ठेवावें असें ठरलें. 1939 च्या 1 सप्टेंबरपासून तीन दिवसांत सुमारें 15 लक्ष माणसें शहरांतून हलविलीं गेलीं. त्यांपैकीं 8 लक्षांहून अधिक शाळेचीं मुलें होतीं, आणि तीं आईबापांवांचून निघालीं होतीं. अंगावर नांवाची चिठ्ठी व जवळ विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्याची पेटी, एवढ्यानिशीं तीं अनोळखी स्टेशनांवर उतरलीं.

2. अधिकारी. ह्या मुलांस घरें नेमून देणाऱ्यास बिलेटिंग ऑफिसर म्हणत. तो लष्करी माणूस नसे. स्थानिक कौन्सिलानें नेमलेला कोणी कारकून, शिक्षक किंवा गांवांतील प्रतिष्ठित स्त्री वा पुरुष असे. त्या वर्षाच्या आरंभींच घरोघर फिरून खोल्यांची गणना झाली होती. राहण्याजोग्या दर खोलीस एक माणूस, असा हिशेब होता. एक मूल ठेवणाऱ्यास त्याच्या अन्नासाठीं व राहण्यासाठीं आठवड्यास साडेदहा शिलिंग, म्हणजे त्या वेळच्या दरानें 7 रुपये, मिळत. अधिक मुलें असल्यास दर मुलामागें साडेआठ शिलिंग. जो घरधनी सबळ कारणावांचून नाकारी त्यास नोटीस देतां येई, व तरीही न ऐकल्यास दंड होई. म्हणजे गणना, पैसा व कायदा हीं तिन्ही साधनें त्याच्या हातीं होतीं.

3. पहिली चूक. प्रत्यक्षांत गाड्यांचा घोटाळा झाला. जेथें शाळेचीं मुलें यावयाचीं तेथें तान्हीं बालकें घेऊन आया उतरल्या. पुष्कळ गांवीं मुलांस सभागृहांत उभें करून घरवाल्यांस निवड करूं दिली. शेतकरी धट्टाकट्टा मुलगा निवडी, कोणी नीटनेटकी मुलगी निवडी. मळक्या कपड्यांचीं मुलें, आणि एकमेकांचा हात न सोडणारीं भावंडें मागें राहत. मग उरलेल्यांस घेऊन अधिकारी अंधारांत दारोदार हिंडे. आपण कोणास नको होतों, हें त्यांपैकीं कित्येक म्हातारपणींही विसरले नाहींत.

4. दुसरी चूक. दार उघडलें म्हणजे काम संपलें असें समजणें, ही दुसरी चूक. थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या: मुलांच्या डोक्यांत उवा आहेत, मुलें अंथरूण ओलें करतात. घरवाल्या बाया शहरांतील आयांस दोष देऊं लागल्या. परंतु अंथरूण ओलें होण्याचें कारण पुष्कळदां वाईट वळण नसून भीति व वियोग हें होतें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बोल्बी, मिलर व विनिकट ह्या तीन डॉक्टरांनीं, पांच वर्षांखालील मुलांस आईपासून दूर करण्यांत मोठा धोका आहे, असें जाहीर पत्रानें कळविलें. 1941 सालीं सुसान आयझॅक्स ह्या विदुषीच्या देखरेखीखालीं केंब्रिज येथील पाहणी प्रसिद्ध झाली. भावंडें व मित्र ह्यांची ताटातूट करूं नये, हा तिचा एक मुख्य बोध होता.

तोंपर्यंत व्हावयाचें तें झालें होतें. बॉम्ब पडले नाहींत, आणि घरची ओढ अनावर झाली; म्हणून 1940 च्या जानेवारीपर्यंत निम्म्याहून अधिक लोक शहरांत परतले. पुढें त्याच सालच्या सप्टेंबरांत लंडनवर खरोखरच बॉम्बांचा वर्षाव सुरू झाला. ज्या मुलाला खेड्यांत खोली मिळाली पण घर मिळालें नाहीं, तें असें पुन्हां संकटाच्या तोंडीं गेलें. उलट, जेथें घरवालीनें मुलास आपल्या पंक्तीला बसविलें, तेथें कित्येकांचा ऋणानुबंध युद्धानंतरही टिकला.

5. बोध. कायदा दाराची कडी काढूं शकतो, मायेनें जवळ घेणें त्यास जमत नाहीं. म्हणून असें काम ज्याच्यावर येईल त्यानें पुढील गोष्टी कराव्या. पाहुणे येण्यापूर्वीं केवळ खोल्या नव्हे, तर माणसें जाणून घ्यावीं. कोणालाही बाजारांतल्या गुरांप्रमाणें रांगेंत उभें करूं नये. भावंडांस एकत्र ठेवावें. आणि आठ दिवसांनीं त्या दारीं पुन्हां जावें. मूल व घरवाली ह्या दोघांचेंही ऐकून घ्यावें, आणि जुळत नसल्यास कोणासही दोष न देतां दुसरें घर पाहावें.

विचार करण्यासाठीं प्रश्न

(1) आपल्या गांवांत उद्यां दहा अनोळखी मुलें आलीं, तर प्रथम कोणत्या दारीं जाल, व कां?
(2) सर्वांत शेवटीं उरणारें मूल कोणतें असेल?
(3) त्याला घेऊन तुम्ही कोठें जाल?