दोष सेंटरचा की संघाचा?

प्रश्न : सेंटर रूडी गोबेअर ४ वेळा एनबीएचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. मग २०२१च्या प्लेऑफमध्ये त्याच्या तेव्हाच्या युटा जॅझ संघाविरुद्ध क्लिपर्सच्या टेरन्स मानने एका सामन्यात ३९ गुण कसे काढले?

उत्तर : तो सामना पुन्हा पाहा, पण नजर चेंडूवर नको, गोबेअरच्या साथीदारांवर ठेवा. बाहेरचे गार्ड सतत मागे पडत होते. बास्केट राखायला गोबेअर आत सरकला, की कोपऱ्यातला मान मोकळा! तिथं धावून जायला दुसरं कुणीतरी हवं होतं. सेंटरचा स्वतःचा बचाव जोखायचा, तर समोरासमोर तो किती मागे ढकलला जातो आणि फाउल न करता हात उंच ठेवतो का, हे बघा. ब्लॉकचा आकडा फसवा असतो. सेंटरच्या धाकाने न मारलेला शॉट त्यात येतच नाही. बाहेर परतायला गोबेअरलाही उशीर होत होता, हे खरं. तरी माझ्या मते मोठा दोष गार्डांचाच.