सपोर्ट प्रोजेक्ट मिळाला म्हणून खचू नका

कॅम्पसमधून निवड होते, पेढे वाटले जातात आणि काही महिन्यांनी आयटी कंपनीत लागलेल्या मुलीचा फोन येतो, "सपोर्ट प्रोजेक्ट मिळालाय." म्हणजे नवं सॉफ्टवेअर बनवायचं नाही, चालू आहे ते सांभाळायचं. आईवडिलांना वाटतं, पोरगी मागे पडली, मैत्रिणीला म्हणे एआयचं काम मिळालं. ही भीती अनाठायी आहे. कंपनीच्या सीटीओला, म्हणजे मुख्य तंत्रज्ञान अधिकाऱ्याला विचारा. माणसं आणि पैसा नव्यावर लावायचा की चालू आहे ते रोज थोडं सुधारण्यावर, हाच त्याचा नेहमीचा पेच असतो.

मुंबईच्या एचडीएफसी बँकेचंच बघा. तिच्या ऑनलाइन सेवा दोन वर्षं अधूनमधून बंद पडत होत्या. नोव्हेंबर 2020 मध्ये डेटा सेंटरची वीज गेली आणि पुन्हा तेच झालं. डिसेंबरात रिझर्व्ह बँकेने नव्या डिजिटल सेवा आणि नव्या ग्राहकांना क्रेडिट कार्ड देणं थांबवायला सांगितलं. कार्डांना ऑगस्ट 2021 मध्ये मोकळीक मिळाली, उरलेले निर्बंध उठायला मार्च 2022 उजाडला. रोजची डागडुजी मागे पडली की नव्याचाही रस्ता अडतो, तो असा.

नवं की डागडुजी, या पेचावर गूगलमध्ये एक हिशेब बसवला गेला. सेवा 99.9 टक्के वेळ चालू हवी असं ठरलं, तर 30 दिवसांत सुमारे 43 मिनिटं बंद पडण्याची मुभा उरते. ती शिल्लक आहे तोवर टीमने नवे बदल खुशाल आणावेत. संपली की आधी दुरुस्ती. याला 'एरर बजेट' म्हणतात. मला ही पद्धत न्याय्य वाटते, कारण वाद आकड्यावर मिटतो, हुद्द्यावर नाही. अर्थात आकडा ठरवायची जबाबदारी वरिष्ठांचीच. 99.99 टक्के म्हटलं की मुभा चार मिनिटांवर येते आणि नवं काही आणायला कुणी धजत नाही.

तेव्हा सपोर्टमध्ये असाल तर तक्रारीचं तिकीट नुसतं बंद करू नका. तोच बिघाड पुन्हा का येतो ते लॉग वाचून शोधा, लिहून ठेवा, जमेल तिथे स्क्रिप्ट लिहून तो कायमचा संपवा. लिनक्स, एसक्यूएल आणि नेटवर्किंग पक्कं करा. साइट रिलायबिलिटी इंजिनीअरिंगची, म्हणजे सेवा भरवशाने चालू ठेवण्याच्या कामाची, वाट इथूनच जाते. अजून कॉलेजात असाल तर शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट व्हायवा झाला की गुंडाळू नका. खऱ्या माणसांना तो सहा महिने वापरू द्या, तक्रारी येऊ द्या. मात्र वर्षभरानंतरही पासवर्ड रीसेट करण्यापलीकडे काम मिळत नसेल, तर बिनधास्त बदली मागा.

आणि पालकहो, "डेव्हलपमेंट कधी मिळणार?" हे विचारणं आता थांबवा. या महिन्यात कोणता बिघाड मुळापासून काढलास, ते मुलीला विचारा आणि ती सांगेल ते नीट ऐका.