लोखंड कापायचं मशीन कोणतं घ्यायचं?



शेळ्यांसाठी लोखंडी गव्हाणी, कुंड्यांचे स्टँड, शिड्या अशी कामं आता आपल्या गटातल्या ताया करू लागल्या आहेत. वेल्डिंगचं प्रशिक्षण झालं की पहिला प्रश्न येतो, "मॅडम, कापायचं मशीन कोणतं घेऊ?" खरं सांगते, मी समाजकार्य शिकलेली. वर्षभरापूर्वी मलाही यातलं काही कळत नव्हतं. आणि त्या न कळण्यापायी एका गटात मोठा अपघात होता होता टळला.

झालं असं. गटाकडे हातातला ५ इंची ग्राइंडर होता. जाड अँगल कापायला चकती पुरेना. कुणीतरी म्हणालं, "गार्ड काढा आणि ७ इंची चकती बसवा." मी शेजारीच उभी होते, पण बोलले नाही. मशीन सुरू झालं आणि चकती फुटली. तुकडा शेडच्या पत्र्याला भोक पाडून बाहेर गेला. ताईचं डोकं तिथून हातभर अंतरावर होतं. त्या दिवशी घरी जाऊन मला जेवण गेलं नाही. मग एका जुन्या कारागिराकडे बसून हे सगळं शिकून घेतलं. तेच तुम्हाला सांगते.

आधी आपलं काम मोजा

दुकानात जाण्याआधी वहीत तीन गोष्टी लिहा: काय कापायचं, किती जाड, आणि दिवसाला किती वेळा. समजा एका गव्हाणीला १४ तुकडे लागतात आणि आठवड्याला ५ गव्हाणी करता. म्हणजे आठवड्याला ७० काप, दिवसाला दहा-बारा. एवढ्यासाठी मोठं मशीन लागत नाही. ऑर्डर रोज वाढत असेल तर वेगळा विचार.

चार प्रकार

१. हातातला ग्राइंडर (४ किंवा ५ इंची): स्वस्त, हलका, घासायलाही उपयोगी. पातळ पाइप, पट्टी आणि थोड्या कामाला पुरे. पण हात हलला की काप तिरका जातो, आणि सतत चालवला की तापतो.

२. १४ इंची कटऑफ मशीन: टेबलावर ठेवून वरून दाबायचं. पाइप शिकंज्यात घट्ट बसतो, त्यामुळे सरळ आणि ४५ अंशाचा कापही नीट येतो. चौकटी करणाऱ्या गटाला हेच सोयीचं. ठिणग्या आणि आवाज मात्र खूप.

३. दातेरी ब्लेडचं मशीन: दिसायला दुसऱ्यासारखंच, पण हळू फिरतं, मिनिटाला साधारण १,३०० ते १,५०० फेरे. काप स्वच्छ, लोखंड फार तापत नाही, ठिणग्या कमी. मशीन आणि ब्लेड दोन्ही महाग. हे ब्लेड साध्या कटऑफ मशीनला कधीही लावू नका. ते मशीन दुपटीहून जास्त वेगानं फिरतं.

४. बँडसॉ: पट्ट्यासारखं लांब ब्लेड. जाड सळई, भरीव लोखंड यांसाठी चांगला. किंमत मोठी, सुरुवातीला आपल्याला सहसा लागत नाही.

चकतीवरचा आकडा वाचा

हा या धड्याचा गाभा आहे. प्रत्येक मशीनवर आणि प्रत्येक चकतीवर 'आरपीएम' लिहिलेला असतो, म्हणजे मिनिटाला किती फेरे. चकतीचा आकडा मशीनच्या आकड्यापेक्षा मोठाच हवा. ५ इंची ग्राइंडर साधारण ११,००० फेरे घेतो. ५ इंची चकतीची मर्यादा १२,२०० असते, म्हणून ती चालते. ७ इंचीची मर्यादा ८,५००. आता कळलं ना, ती का फुटली? आणि गार्ड काढला नसता तर ती बसलीच नसती. गार्ड अडचण नाही, राखण आहे.

चकतीच्या मधल्या कड्यावर मुदतही छापलेली असते. ती बघूनच घ्या. ओल लागलेली, तडा गेलेली, खाली पडलेली चकती वापरू नका. पावसाळ्यात कोरड्या डब्यात ठेवा. नवी चकती लावली की बाजूला उभं राहून मिनिटभर रिकामी फिरवा. कापायच्या चकतीनं घासू नका. आणि लाकडाचं दातेरी ब्लेड ग्राइंडरला अजिबात नको.

वीज पाहा

२,२०० वॅटचं मशीन २३० व्होल्टला जवळपास १० अँपिअर ओढतं. म्हणून घरातल्या साध्या ६ अँपिअरच्या प्लगला ते लावू नका. १६ अँपिअरचा प्लग, जाड वायर आणि पक्कं अर्थिंग हवं. दाब कमी असताना चालवलं तर मोटर जळते. घरगुती मीटरवर हा धंदा चालेल का, हे महावितरणच्या कार्यालयात आधीच विचारा.

अंगावर काय?

डोळ्यांना गॉगल हवाच, तोही बाजूनं बंद असलेला. नायलॉनची साडी नको, ती ठिणगीनं वितळून अंगाला चिकटते. पदर खोचून वर जाड सुती शर्ट घाला, केस बांधा, बांगड्या काढा, मंगळसूत्र आत घ्या. सैल कापडी हातमोजे घालू नका, ते चकतीत ओढले जातात. ठिणग्या जातील त्या दिशेला कडबा, गोणपाट, पेट्रोल नको. वाळूची बादली जवळ असू द्या.

पैशाचा हिशेब

गटातून १०,००० रुपये महिना २ टक्क्यांनी घेतले तर पहिल्या महिन्याचं व्याजच २०० रुपये. त्यात चकत्या, गॉगल, वायरिंग धरा. दोन-तीन दुकानांतून लेखी भाव घ्या, सुटे भाग तालुक्यात मिळतात का ते विचारा, आणि पक्कं बिल सोडू नका. जी ताई मशीन चालवणार, तिनं दुकानात ते स्वतः चालवून बघावं. घरच्या माणसानं परस्पर आणलेलं मशीन तिच्या हाताला बसेलच असं नाही.

पुढच्या बैठकीत बोला

१. आपले काप आठवड्याला किती?
२. आपल्या मशीनचा आणि चकतीचा आरपीएम किती? दोन्ही वाचून वहीत लिहा.
३. कुणी गार्ड काढायला सांगितलं तर आपल्यातली कोण 'थांबा' म्हणेल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'प्रत्येक जण' असायला हवं. त्या दिवशी मी म्हणाले नव्हते. तुम्ही म्हणा.