शेताचे चित्र आणि त्याचा पत्ता : जिओटिफ फाइलमधील मेटाडेटा

तंजावरच्या कावेरी खोऱ्यात ऑक्टोबरमध्ये एका खाचरात कुरुवै हंगामाचे भात पिकून पिवळे पडलेले असते, तर शेजारच्या खाचरात सांबा हंगामाचे भात हिरवेगार असते. तपकिरी तुडतुड्यांनी करपलेले गोलाकार चट्टेही उपग्रहचित्रात अशाच कमी हरितनिर्देशांकाचे दिसतात. म्हणून चित्र कोणत्या जागेचे व कोणत्या तारखेचे, ही नोंद फाइलमध्येच असल्याशिवाय किडीचे निदान विश्वासार्ह ठरत नाही.

हरितनिर्देशांकाचे गणित आता ब्राउझरमध्येच जावास्क्रिप्टने करता येते आणि जिओटिफ-जेएस या मुक्त लायब्ररीतील ‘राइटअॅरेबफर’ या फंक्शनने निकालाची फाइल लिहिता येते. मात्र केवळ लांबी-रुंदी व आकडे दिल्यास ही लायब्ररी कोणतीही तक्रार न करता ते चित्र संपूर्ण पृथ्वीचे आहे असे गृहीत धरते. परिणामी दोन एकरांचे शेत नकाशावर जगभर पसरते!

हे टाळण्यासाठी तीन गोष्टी द्याव्या लागतात. ‘मॉडेलपिक्सेलस्केल’मध्ये एका पिक्सेलचे जमिनीवरील माप येते, सेंटिनेल-२ च्या लाल व निकट-अवरक्त पट्ट्यांसाठी ते १० मीटर असते. ‘मॉडेलटायपॉइंट’मध्ये चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्याचे स्थान येते. मूळ चित्राच्या डावीकडून २०० स्तंभ व वरून १०० ओळी कापल्या असतील, तर हा कोपरा २,००० मीटर पूर्वेला व १,००० मीटर दक्षिणेला सरकवावा लागतो. मूळ फाइलचा मेटाडेटा जसाच्या तसा उतरवताना नेमका हाच बदल राहून जातो.

तिसरी गोष्ट प्रक्षेपणाचा ईपीएसजी संकेतांक. तंजावरसाठी तो ३२६४४ आहे. नागपूरलाही तोच लागू पडतो. पुणे-नाशिकचा ३२६४३ मात्र येथे वापरला, तर तंजावरचे भातशेत सुमारे ६५० किलोमीटर पश्चिमेला, लक्षद्वीपजवळच्या समुद्रात जाऊन पडते.

चित्रणाची तारीख टिफच्या ‘डेटटाइम’ टॅगमध्ये नोंदवता येते; परंतु तो टॅग मूलतः फाइल तयार झाल्याच्या वेळेसाठी असल्याने ‘इमेजडिस्क्रिप्शन’मध्ये उपग्रहभ्रमणाची तारीख स्वतंत्रपणे लिहावी, तीही रोमन अक्षरांत, कारण हे टॅग देवनागरीसाठी बनलेले नाहीत. ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत ढगांखालचे पिक्सेल शून्य न ठेवता ‘नोडेटा’ म्हणून घोषित करावेत. अन्यथा ढगाखालील निरोगी भातही करपलेल्या भातात मोजले जाते.